पोहणाऱ्या पोरीची मागची बाजू

“पर्स उघडा.”

डोळे दाखवायला आलेल्या कुठल्याही बाईशी सिस्टरांचं पहिलं वाक्य हे असायचं. नाव, वय, काय होतंय, हे सगळं मागाहून. बहारीनच्या मनामा शहरातल्या त्या डोळ्यांच्या क्लिनिकमध्ये मी चष्म्याचे नंबर काढायला नवीनच लागले होते. पहिल्या दिवशी हे ऐकलं आणि मला वाटलं, इथली सिक्युरिटी फारच कडक दिसते.

पर्समधून काजळ, सुरमा, अरबी बायकांचा कोहल, जे निघेल ते सिस्टर ताब्यात घ्यायच्या. आतला माल सरळ कचऱ्यात. “ह्यात शिसं असतं, बाय! शिसं डोळ्यात घालता आणि मग आमच्याकडे येता, लाल झाले म्हणून!” पण रिकामी डबी मात्र त्या कधी टाकायच्या नाहीत. स्पिरिटनं पुसायच्या, कापसाच्या बोळ्यानं तिचा कोपरान् कोपरा साफ करायच्या, उजेडात धरून उलटसुलट बघायच्या आणि टिशूत गुंडाळून, नवं बाळ आईच्या हातात द्यावं तशी परत करायच्या. “आतलं वाईट होतं. डबी बघा काय सुंदर आहे! हिला जपा.”

बायका चिडायच्या. एक बहारीनी म्हातारी तर “खलास, परत येणार नाही” म्हणून तरातरा निघून गेली. पुढच्या आठवड्यात ती शेजारणींना घेऊन हजर! एकीचेही डोळे दुखत नव्हते. सगळ्या आपापल्या घरातल्या जुन्या कोहलदाण्या सिस्टरांना दाखवायला आल्या होत्या. डॉक्टर आत पेशंटची वाट बघत बसले आणि बाहेर वेटिंग रूममध्ये चांदीच्या, काचेच्या, चामड्याच्या डब्यांची जत्रा भरली.

सिस्टर वसईच्या. साठीला आलेल्या, बुटक्या, आणि चालणं इतकं भरभर की पांढरे बूट फरशीवर चीं चीं करायचे. एक चष्मा नाकावर, एक गळ्यात, तिसरा हमखास हरवलेला. उभं आयुष्य बहारीनमध्ये नोकरीत गेलं, पण बोलायला लागल्या की वसईच्या बाजारात उभं असल्यासारखं वाटायचं. लग्न केलं नाही. का, असं मी एकदा आगाऊपणानं विचारलं, तर म्हणाल्या, “वेळ कुठे होता?” आणि खरंच नव्हता. डब्यांनी सगळा खाल्ला होता.

हे वेड त्यांना एका कॅलेंडरनं लावलं. पूर्वी क्लिनिकमध्ये इजिप्तच्या एक डॉक्टरीणबाई होत्या. त्या नोकरी सोडून गेल्या आणि भिंतीवर त्यांचं कॅलेंडर राहिलं. महिन्याला एक चित्र, आणि प्रत्येक चित्रात प्राचीन इजिप्तमधल्या बायकांच्या साजशृंगाराची एकेक वस्तू. कोहलची नळी पोटाशी धरून बसलेलं माकड. पंख सरकवले की आत मलमाची जागा निघते असं लाकडी बदक. जीभ बाहेर काढलेला दाढीवाला बुटका देव, आणि त्याच्या ढेरीतच काजळ! वर्ष संपलं, त्यानंतरचीही कितीतरी संपली, कॅलेंडर तिथंच. सिस्टर मनाला येईल तो महिना लावायच्या. कुणी तारीख विचारली की म्हणायच्या, “मोबाइलमध्ये बघ. ही भिंत तारखेसाठी नाही.” त्यांचा मूडही ह्या भिंतीवरून कळायचा. माकड असलं म्हणजे सिस्टर खुशीत. बुटका देव लागलेला असेल त्या दिवशी रजा मागायची नाही, हे मी लवकरच शिकले.

“बघ गं बाय,” त्या मला ओढत भिंतीशी न्यायच्या. “एवढंसं काजळ. ते ठेवायला साधी बाटली चालली नसती? पण नाही! कुणीतरी धरलं पाहिजे. माकड धरतंय, बदक धरतंय. डबीला हात हवेत. हात नसलेली डबी म्हणजे नुसता डबा.”

माझ्या लिपस्टिकला त्या तोंडावर ‘डबा’ म्हणायच्या. महाग होती हो ती!

सगळ्यात लाडकी होती पोहणारी पोरगी. तो खरं तर मलमाचा चमचा. लाकडातून कोरलेली एक बारीकशी मुलगी पाण्यात पालथी पोहते आहे, पाय मागे ताणलेले, हात पुढे, आणि हातांत धरलेलं बदक. मलम बदकाच्या पोटात, आणि मुलगी म्हणजे चमच्याची दांडी. “तीन हजारांवर वर्षं पोहतेय,” सिस्टर म्हणायच्या, “आणि चेहऱ्यावर बघ, दमल्याचं नाव नाही. नाहीतर आपण. एक डबल ड्यूटी केली की मेलो.”

पण ह्याच पोरीनं सिस्टरांचा जीव खाल्ला होता. फोटो होता एकाच बाजूनं. पोट कसं असेल, तळपाय कसे असतील, मागून ती कशी दिसत असेल, ह्यातलं काही त्यात दिसत नव्हतं. मी म्हटलं, सिस्टर, गूगल करा ना! त्यांनी मोबाइल माझ्या नाकाशी धरला. केव्हाचं करून झालं होतं. “गूगलवाले पण सगळे त्याच बाजूला उभे राहून बघतात. मागे जायला काय ह्यांचे पाय मोडले होते?”

हे ‘मागे’ त्यांना नुसतं कुतूहल म्हणून नको होतं. सिस्टर ती पोरगी घडवत होत्या. साबणातून!

माहूजमधल्या त्यांच्या फ्लॅटवर मी पहिल्यांदा गेले तेव्हा दारातच धुण्याच्या साबणाचा वास आला. खालच्या कोल्ड स्टोअरमधून, म्हणजे आपल्या कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातून, त्या साबणाच्या लांब वड्या आणायच्या. आणताना प्रत्येक वडी टिचकी मारून, कानाशी धरून बघायच्या. दुकानदार मल्याळी. तो बिचारा आता दुसऱ्या गिऱ्हाइकांसमोरही वड्यांना टिचक्या मारायला लागला होता. तुबलीच्या एका गॅरेजमधल्या रत्नागिरीच्या मिस्त्रीकडून त्यांनी विणायच्या सुयांना धार लावून घेतली होती, ती त्यांची हत्यारं. माकडं, बदकं, बुटके देव, सगळे शोकेसमध्ये हारीनं उभे. आणि खालच्या फळीवर पोहणाऱ्या पोरींचा ताफा. एकीलाही पाय नाहीत. सगळ्या घोट्यापाशी संपलेल्या.

“पावलं दिसत नाहीत ना फोटोत,” सिस्टर म्हणाल्या. “माहीत नसताना कशी करू? खोटं होईल.”

जी पोरगी चालू कामात असेल ती बाथरूममध्ये राहायची. एसीच्या कोरड्या हवेत साबण तडकतो, म्हणून तिला ओल्या फडक्यात गुंडाळून बेसिनच्या वरच्या फळीवर ठेवायचं आणि रोज थोडं थोडं कोरायचं. हे फडकं आणि ही फळी लक्षात ठेवा.

तर एक दिवस सिस्टर क्लिनिकमध्ये धावत शिरल्या. “ती येतेय!” मला वाटलं इन्स्पेक्शन. त्यांच्या हातात शहरातल्या संग्रहालयाचं पत्रक होतं. इजिप्तहून शृंगाराच्या वस्तूंचं प्रदर्शन येणार होतं आणि पत्रकावर छापली होती तीच पोरगी! तीच, कॅलेंडरवाली! सिस्टरांनी डॉक्टरांना सांगितलं, सफाईवाल्याला सांगितलं, डोळ्यांत थेंब घालून डोळे मिटून बसलेल्या पेशंटना सांगितलं. मग खुर्चीत बसल्या, दुसरा चष्मा लावला आणि उद्घाटनाची तारीख वाचली.

त्यांचा व्हिसा रिन्यू होणार नव्हता, वय झालं म्हणून. तिकीट निघालं होतं. उद्घाटन त्यांच्या विमानानंतरच्या आठवड्यात होतं.

त्या दिवशी भिंतीवर बुटका देव लागला आणि उतरेचना. तिकीट पुढे ढकलायला व्हिसाच नव्हता. आयुष्यभर जिची मागची बाजू शोधली ती पोरगी त्यांच्याच शहरात येणार, आणि ह्या वसईला. मला इतका राग आला की मी पत्रक बारीक टाईपसकट वाचून काढलं, नुसतं भांडायला काहीतरी सापडावं म्हणून. आणि सापडलं! प्रदर्शनातल्या वस्तूंवरून लोकांनी स्वतः काही बनवून द्यावं, निवडक कामं बाहेरच्या कॉरिडॉरमध्ये मांडली जातील, आणि ज्यांची निवड होईल त्यांना उद्घाटनाच्या बरेच दिवस आधी आत नेऊन सगळं दाखवण्यात येईल. तो दिवस त्यांच्या विमानाच्या आधी येत होता.

“यल्ला, चला!” सिस्टर ओरडल्या. पेशंट दचकून उभा राहिला.

मग सुरू झाली नवी पोरगी. ही आजवरची सगळ्यात चांगली होती, मी शपथेवर सांगते. केसांची बट न् बट कोरलेली, गळ्यात माळ, ओठांवर किंचित हसू. पाय अर्थातच घोट्यापर्यंत.

त्याच दिवसांत माझी अम्मी व्हिजिटवर आली, आमच्या रायगडकडच्या गावाहून. नईम भागातल्या माझ्या खोलीत एकटी बसून कंटाळायची, शिवाय डोळे लाल, म्हणून तिला क्लिनिकमध्ये नेलं. पुढे काय होणार ते मला माहीत होतं.

“पर्स उघडा.”

अम्मीनं उघडली आणि आतून पितळेचा मासा निघाला. वीतभर नाही, बोटभर. खवले कोरलेले, शेपटीला धरून ओढलं की सुरम्याची सळई बाहेर यायची. सिस्टरांनी दोन्ही हात पुढे केले.

“मासा! बाय, मासा! इजिप्तवाल्यांचे पण मासे असायचे! द्या, आतलं फेकते आणि—”

“फेकते?” अम्मीनं मासा मुठीत घेतला. “माज्या सासूनं दिलाय मना. मी नाय देनार.”

“डबी परत देणार आहे हो. फक्त सुरमा.”

“सुरम्याबिगर मासा काय तव्यावर टाकू?”

अशी जुंपली की बाहेरचे पेशंट आत डोकावले. वसईचं मराठी एकीकडून, आमची कोकणी दुसरीकडून. शेवटी दोघी कशावर मिटल्या, तर खऱ्या माशांवर. सिस्टरांनी विचारलं, तुमच्याकडे बोंबील कसा करता, अम्मीनं सांगितलं, सिस्टर म्हणाल्या चूक, आणि शुक्रवारी जेवायचं आमंत्रण ठरलं. सुरमा माशातच राहिला. सिस्टरांनी हार मानलेली मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली.

साबणाची पोरगी शनिवारी संग्रहालयात द्यायची होती. शुक्रवारी आम्ही सिस्टरांच्या फ्लॅटवर जेवलो. काय जेवलो! सुरमई, बोंबील, तांदळाच्या भाकऱ्या. अम्मी हात धुवायला आत गेली. बेसिनवर पंपाची बाटली होती, पण ती अम्मीच्या मते शॅम्पू. मासळीचा वास वडीनं घासल्याशिवाय जात नाही, ह्यावर तिची ठाम श्रद्धा. तिनं वडी शोधली. वरच्या फळीवर, ओल्या फडक्याखाली, तिला ती मिळाली.

बराच वेळ नळ वाहत होता. मग अम्मी हात पुसत बाहेर आली आणि म्हणाली, “सिस्टर, तुमचा साबन लय चांगला हाय, पन आकार कसला गो तो? हातात धड बसत नाय.”

सिस्टरांचे बूट त्या वेळी पायांत नव्हते, तरी मला ते चीं चीं ऐकू आले, इतक्या जोरात त्या धावल्या.

पोरीचं हसू गेलं होतं. माळ गेली होती. नाक होतं नव्हतं. केसांच्या बटा एकमेकींत मिसळून गुळगुळीत झालेल्या. पोट तर पार झिजलेलं. सिस्टर तिला ओंजळीत घेऊन बाथरूमच्या स्टुलावर बसल्या. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं, असं मला झालं. अम्मीला काय झालं ते मी सांगितलं तेव्हा ती भिंतीला टेकली. “मना काय म्हायत, ती पोरगी हाय? मना वाटला साबनच हाय.”

“साबणच आहे,” सिस्टर हळूच म्हणाल्या. “तुमचं काय चुकलं?”

मला रडू आलं. अम्मीला मात्र रडणं जमत नाही, तिला कामच सुचतं. तिनं ती पोरगी सिस्टरांच्या ओंजळीतून उचलली, आपल्या ओढणीत गुंडाळली आणि म्हणाली, “हात मी घासले, तर मीच नेऊन देतंय उद्या. नाय म्हनाले तर मना म्हनतील.”

शनिवारी आम्ही तिघी टॅक्सीतून निघालो. सिस्टर खिडकीबाहेर बघत बसलेल्या, अम्मीच्या मांडीवर ओढणीचं गाठोडं. संग्रहालयात कामं घ्यायच्या टेबलापाशी एक इजिप्तच्या मॅडम बसल्या होत्या. आमच्या आधीची सगळी कामं चकचकीत. सोनेरी रंग, मणी, चमकी. अम्मीनं गाठोडं सोडून पोरगी पुढे ठेवली. मॅडमनी ती उचलली, फिरवली. परत फिरवली. अंगठा पोटावरून फिरवला. मग इंग्रजीत विचारलं, ही इतकी जुनी कशी दिसते? झीज कशी आणलीत?

माझ्या डोक्यात चटकन काहीतरी भारदस्त उत्तर तयार झालं होतं. पण सिस्टरांना खोटं येत नाही. त्यांनी अम्मीकडे बोट दाखवून सरळ सांगितलं, “ह्या बाईंनी मासे खाऊन हात धुतले.”

मॅडमनी पोरगी नाकाशी नेली, वास घेतला आणि खदखदून हसल्या. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. त्यांच्या डोळ्यांतला कोहल ओघळला, आणि सिस्टरांचा हात सवयीनं मॅडमच्या पर्सकडे जाताना मी पाहिला. मी तो धरला.

निवड झाली! पाटीवर दोन नावं लागली, सिस्टरांचं आणि अम्मीचं, कारण सिस्टर म्हणाल्या की अर्धं काम अम्मीचं आहे. पुढे लिहिलं होतं, साबण, पाणी आणि हात. अम्मीला इंग्रजी येत नाही म्हणून दुभाषी ह्या नात्यानं मलाही आत घेतलं.

प्रदर्शन बघायच्या दिवसासाठी सिस्टरांनी नवा फ्रॉक शिवून घेतला होता आणि तिन्ही चष्मे सापडले होते. हॉलमध्ये शिरल्या शिरल्या त्यांनी डोळे मिटून घेतले. “बाय, मला हात धरून मागच्या बाजूला ने. पुढची मला पाठ आहे.” त्या माकडाजवळून गेल्या, बुटक्या देवाजवळून गेल्या, डोळे मिटलेलेच. पोरीची काचेची पेटी मध्यावर होती, उंच पायांवर, तळही काचेचा, चारी बाजूंनी फिरता येईल अशी. मी त्यांना मागे नेऊन उभं केलं आणि म्हटलं, “उघडा.”

त्यांनी उघडले. एक चष्मा काढून दुसरा लावला. मग खाली वाकल्या, मग गुडघ्यांवर बसल्या, आणि मग, नवा फ्रॉक घालून, त्या सरळ जमिनीवर आडव्या झाल्या, पोरीला खालून बघायला. गार्ड “मदाम! मदाम!” करत धावला. मॅडमनी त्याला हातानंच थांबवलं.

“बोटं आहेत!” सिस्टर जमिनीवरून ओरडल्या. “मरिया माते, तळपायांना बोटं आहेत! पाची! कुणी बघणार नव्हतं तरी केलीत गं! आणि पोट बघ, पोट! झिजलंय! कुणीतरी रोज हातात धरायची हिला!”

अम्मीला राहवेना. तीही ओढणी सावरत शेजारी आडवी झाली. दोन म्हाताऱ्या संग्रहालयाच्या फरशीवर पाठीवर पडलेल्या, तोंडं वर, चष्मे चमकताहेत. “हिनं बी कुनाकुनाचे हात धुतलेले दिसतात,” अम्मी म्हणाली. सिस्टर हसता हसता रडायला लागल्या, आणि रडता रडता त्यांनी अम्मीचा हात धरला. मी इतकी खूश त्याआधी कधी झाले होते, मला आठवत नाही.

दोन दिवसांनी विमान होतं. एअरपोर्टवर अम्मीनं रुमालाची पुडी सिस्टरांच्या हातात दिली. पितळी मासा. स्वच्छ घासलेला, आतून कोरडा. सिस्टरांनी तो आधी उलटा करून पोट पाहिलं आणि मग विचारलं, “आणि आतला सुरमा?”

अम्मीनं पर्समधून बामची रिकामी बाटली काढून दाखवली. सुरमा त्यात.

“ह्यात?” सिस्टरांचा आवाज चढला. “सुरमा, बामच्या बाटलीत? शोभतं का हो तुम्हाला?” आणि त्यांनी हँडबॅगेतून साबणाचं एक माकड काढलं, पोटाशी नळी धरलेलं, नवंकोरं. “ह्यात भरा.”

मी बघतच राहिले. सिस्टर, आणि सुरमा भरा म्हणतात! अम्मी तर फुलून गेली. सिस्टर मला मिठी मारून, अम्मीला मिठी मारून भराभर चालत आत गेल्या. चेहरा अगदी साळसूद होता, ते माझ्या तेव्हाच लक्षात यायला हवं होतं.

आठवड्यानं आमच्या स्वयंपाकघरातून अम्मीची किंकाळी आली. माकडात भरलेला सुरमा तिनं डोळ्यांत घातला होता. “साबन! त्या बायनं मना साबनात सुरमा भरायला लावला!” मी तिचे डोळे पाण्यानं धुतले आणि वसईला फोन लावला. पलीकडून आधी नुसतं हसूच आलं. मग हुकूम. “स्वच्छ पाण्यानं धू. आणि सुरमा आता बंद म्हणावं. इंशाल्ला!”

अम्मीनं रागारागानं माकड उचललं आणि सुरमा ओतून टाकायला सिंकवर उलटं केलं. उलटं केलं आणि तशीच थांबली. मला जवळ बोलावलं.

माकडाच्या तळपायांवर, जिथं कधी कुणी बघणार नाही तिथं, सुईच्या टोकानं बोटं कोरली होती. पाची.

अम्मीनं ते माकड धुतलं नाही. फडक्यानं नुसतं पुसलं आणि टीव्हीशेजारच्या फळीवर पालथं ठेवलं, तळपाय वर करून. पाहुणे विचारतात, हे उलटं का ठेवलंय? सुलटं करायला हात पुढे करतात. अम्मी करू देत नाही.